एका चित्राच्या शंभर प्रती

लंडन आणि आसपास राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची एक तरी फेरी मारलेली असते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, बाहेरच्या पावसापासून सुटका होते आणि आजी-आजोबांना टेकायला जागाही मिळते. फिरता फिरता मंडळी 'कास्ट कोर्ट्स' नावाच्या दालनांत पोचतात. समोर मायकेलअँजेलोचा डेव्हिड उभा असतो आणि पलीकडे रोमचा ट्राजनचा प्रचंड स्तंभ, छताखाली मावेना म्हणून दोन तुकड्यांत. सगळे थक्क होतात. मग कुणीतरी खालची पाटी वाचतं आणि म्हणतं, "अरे, हे तर प्लास्टर आहे! म्हणजे खरं नाहीच."

हा हिरमोड अगदी समजण्यासारखा आहे. पण ज्यांनी हे संग्रहालय उभं केलं त्यांना नकल ही लाजिरवाणी गोष्ट वाटत नव्हती. जी कलाकृती एकाच गावात, एकाच भिंतीवर आहे ती बाकीच्या जगाने पाहायची कशी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. प्लास्टरचे साचे हे त्याचं एक उत्तर होतं. दुसरं उत्तर तेव्हा नुकतंच जन्माला आलं होतं, ते म्हणजे फोटो. या दुसऱ्या उत्तराची कहाणी इंग्लंडमध्ये सुरू होते आणि थेट आपल्या अजिंठ्याला जाऊन भिडते. मधे दोन आगीही लागतात.

फोटोच्या आधी

रोमला किंवा माद्रिदला न जाता तिथली चित्रं पाहायची तर फोटोच्या आधी एकच मार्ग होता. कारागीर मूळ चित्रावरून, किंवा त्याच्या रेखाटनावरून, तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरत असे आणि त्या पत्र्यावरून कागदावर ठसे निघत. ही कला मोठीच होती. पण चित्रकार आणि पाहणारा यांच्या मधे तिसरा हात येत असे. कोरणाऱ्याला नाक जरा सरळ वाटलं की ते सरळ होई, आणि चेहऱ्यावरचा भाव त्याच्या स्वतःच्या काळाचा होऊन जाई.

आपल्याला हे नवीन नाही. हस्तलिखित पोथ्या नकलून घेण्याची परंपरा आपण जाणतो. नकलणारा कितीही भाविक असला तरी एक ओळ गळते, एक शब्द बदलतो आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठभेद साठत जातात. म्हणून तर ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करण्यासाठी एकनाथ महाराजांना मेहनत घ्यावी लागली. चित्रांच्या बाबतीत तसे पाठभेद टाळणारं, माणसाच्या हाताशिवाय नकल करणारं काही साधन असतं तर? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपातल्या कलाप्रेमींना नेमकी हीच आशा लागली होती.

१८३९ साली फोटोग्राफीच्या दोन पद्धती जगापुढे आल्या. फ्रान्समध्ये लुई दागेर याने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटवली. ती विलक्षण बारकाव्याची असे, पण एक पत्रा म्हणजे एकच प्रतिमा, आणि तीही आरशातल्यासारखी डावी-उजवी उलट. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने कागदावर प्रयोग केले. त्याची प्रतिमा दागेरच्या मानाने धूसर होती. मात्र तिच्यात एक गोष्ट अशी होती जी दागेरच्या पत्र्यात नव्हती: आधी काळं-पांढरं उलटं असलेलं 'निगेटिव्ह' तयार होई आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. चित्रांच्या बाबतीत पुढे जे घडलं त्याचं बीज या एका फरकात आहे.

टॅलबटला त्याची जाणीव होती. १८४४ ते १८४६ या काळात त्याने 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागांनी काढलं. त्यात २४ फोटो होते. ते छापलेले नव्हते, तर प्रत्येक प्रतीत एकेक करून चिकटवलेले होते. त्यात पेट्रोक्लस या ग्रीक वीराच्या अर्धपुतळ्याचे दोन फोटो होते. एका जुन्या शिळाछाप चित्राची आणि फ्रान्चेस्को मोला या इटालियन चित्रकाराच्या एका रेखाटनाचीही नकल होती. या शेवटच्या चित्रासोबत टॅलबटने लिहिलेल्या मजकुराचा आशय असा, की जुन्या थोर चित्रकारांच्या मूळ रेखाटनांच्या हुबेहूब प्रती या मार्गाने करता येतील, म्हणजे ती नष्ट होण्यापासून वाचतील आणि हव्या तितक्या पटींनी वाढवता येतील. वाचवणं आणि वाढवणं या दोन्ही गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या.

कॅमेऱ्याचं रंगांधळेपण

टॅलबटच्या पुस्तकात पुतळा आहे, छापील चित्र आहे, रेखाटन आहे. रंगीत तैलचित्र मात्र नाही. यामागे कारण होतं.

पांढऱ्या प्लास्टरचा पुतळा हा त्या काळच्या कॅमेऱ्याचा सर्वात आवडता पाहुणा. तो हलत नाही, उजेड भरपूर परतवतो आणि त्याला रंगच नसतो. रंग हीच खरी अडचण होती. सुरुवातीच्या फोटोंची रसायनं मुख्यतः निळ्या आणि जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. लाल आणि पिवळा प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळं आकाश फोटोत पांढरंफटक पडे आणि लाल शालू किंवा पिवळा झगा काळाठिक्कर. चित्रकाराने जिथे सर्वात उजळ रंग भरला असेल तिथेच फोटोत अंधार. त्यात जुन्या तैलचित्रांवरचं वार्निश काळाने पिवळं पडलेलं, म्हणजे अख्ख्या चित्रावरच पिवळा पडदा.

१८४८ साली विल्यम स्टर्लिंग या स्कॉटिश लेखकाने स्पॅनिश चित्रकारांवरचा मोठा ग्रंथ काढला. त्याच्या एका जादा खंडात टॅलबटच्या पद्धतीने केलेले साठाहून अधिक फोटो होते. कलेच्या इतिहासावरचं, फोटोंनी सजलेलं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. त्या खंडाच्या प्रती निघाल्या फक्त ५०. आणि त्यातले पुष्कळसे फोटो मूळ तैलचित्रांचे नव्हतेच, तर त्यांच्यावरून कुणी केलेल्या नकला, ठसे आणि रेखाटनं यांचे होते. म्हणजे मधला हात काढून टाकायला आलेल्या कॅमेऱ्याला आरंभी त्याच हाताचा आधार घ्यावा लागला. शिवाय त्या काळचे कागदी फोटो फिके पडत. आज त्या खंडातल्या बऱ्याच पानांवर पुसट पिवळसर छाया तेवढ्या उरल्या आहेत.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण लावून निगेटिव्ह करण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. काचेमुळे बारकावे स्पष्ट आले आणि प्रती भराभर निघू लागल्या. पण काच ओली असेपर्यंतच सगळं उरकावं लागे: लेप द्यायचा, फोटो घ्यायचा, लगेच अंधारात जाऊन धुवायचा. आणि रंगांच्या बाबतीत कोलोडियनही तितकंच आंधळं होतं. हिरव्या-पिवळ्या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचांची वाट हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८७३ च्या शोधाने मोकळी झाली. लाल रंग नीट पकडणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या आरंभी मिळू लागल्या.

साउथ केन्सिंग्टनची खटपट

अशा अर्धवट दृष्टीच्या यंत्रावर साउथ केन्सिंग्टनच्या माणसांनी भरवसा ठेवला. संग्रहालयाचे पहिले संचालक हेन्री कोल यांनी १८५६ मध्ये चार्ल्स थर्स्टन थॉम्पसन यांना अधिकृत छायाचित्रकार म्हणून घेतलं. हे थॉम्पसन एका नामवंत लाकूडठसे कोरणाऱ्याचे चिरंजीव. जुन्या विद्येच्या घरातला मुलगा नव्या विद्येत शिरला. त्यांच्या हाताखाली लष्कराच्या इंजिनिअर पथकातले शिपाईही हे काम शिकले.

थॉम्पसन यांच्या कामांतलं सर्वात गाजलेलं म्हणजे १८५८ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात घेतलेले राफेलच्या 'कार्टून्स'चे फोटो. इथे कार्टून म्हणजे व्यंगचित्र नव्हे. पोपच्या सिस्टीन चॅपेलसाठी गालिच्यांसारखी विणलेली भित्तिवस्त्रं करायची होती, त्यासाठी राफेलने १५१५-१६ च्या सुमारास कागदावर रंगवलेले पूर्ण आकाराचे नमुने म्हणजे ही कार्टून्स. त्यांतली सात उरली आहेत आणि प्रत्येक तीन मीटरच्या आसपास उंच. राजवाड्यातल्या अंधुक दालनात फोटो निघेना, म्हणून ती उचलून उजेडात आणावी लागली. एवढ्या आकारासाठी कॅमेराही अवाढव्य लागला. हे फोटो लहान-मोठ्या आकारांत विकले गेले. राजघराण्याच्या भिंतीवरची चित्रं मँचेस्टरच्या शाळामास्तरालाही परवडू लागली. ती मूळ कार्टून्स १८६५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आली आणि आजही तिथेच आहेत.

राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तर एक वेगळाच घाट घातला होता. राफेलची म्हणून ओळखली जाणारी जगातली प्रत्येक कृती ठशाच्या किंवा फोटोच्या रूपाने एका ठिकाणी जमवायची. १८५३ मध्ये सुरू झालेलं हे काम त्यांच्या मृत्यूनंतर, १८७६ मध्ये पुरं झालं आणि संग्रह पाच हजारांवर गेला. त्यासाठी विंडसरच्या किल्ल्यातल्या रेखाटनांचे फोटो परदेशी संग्रहांना द्यायचे आणि त्यांच्याकडचे आपण घ्यायचे, अशी देवाणघेवाण चाले. दिवाळीच्या फराळाचं ताट शेजारी गेलं की ते रिकामं परत येत नाही, तसंच काहीसं.

यातून अभ्यासाची एक नवी रीत निघाली. एका चित्राची पाच शहरांतली पाच रेखाटनं आता एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहता येत होती. त्याआधी हे कुठल्याही विद्वानाला शक्य नव्हतं. एक चित्र पाहून दुसऱ्या गावी पोचेपर्यंत पहिल्याची आठवण पुसट होई.

१८६७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात कोल यांनी एक करार पुढे आणला. युरोपातल्या १५ राजपुत्रांनी त्यावर सह्या केल्या. प्रत्येक देशाने आपल्याकडच्या कलाकृतींच्या प्रती प्लास्टर, धातू आणि फोटो या माध्यमांतून कराव्यात आणि एकमेकांना द्याव्यात, असं त्यात ठरलं. कास्ट कोर्ट्स ही त्याच विचाराची इमारत आहे.

अजिंठ्याच्या लेण्यात

साउथ केन्सिंग्टनला ही धडपड चालू होती तेव्हा जळगावपासून साठेक किलोमीटरवर, वाघूर नदीच्या वळणावर, एक इंग्रज अधिकारी वटवाघळांच्या सोबतीने भिंतींवरची चित्रं उतरवून घेत होता. रॉबर्ट गिल. आपल्याला हे नाव बहुधा पारोच्या कहाणीमुळे ठाऊक असतं. ना. धों. महानोरांचं 'अजिंठा' हे दीर्घकाव्य आणि २०१२ चा मराठी चित्रपट यांनी ते घराघरांत पोचवलं. त्या प्रेमकहाणीमागे गिल यांचं काम मात्र थोडं झाकलं गेलं आहे.

१८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्यांच्या नजरेला लेणी पडली. तिथली चित्रं झपाट्याने खराब होत आहेत असा इशारा स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये दिला. त्यावरून ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये गिल यांना नेमलं. काम असं की भिंतींवरच्या चित्रांच्या मोठ्या तैलरंगातल्या नकला करायच्या. गिल यांचं उरलेलं सगळं आयुष्य त्यातच गेलं. १८७९ मध्ये ते वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.

याच काळात मुंबईतही कॅमेऱ्याचं वेड शिरलं होतं. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. भाऊ दाजींनी पुढे अजिंठ्याला जाऊन तिथले शिलालेख उतरवून घेतले. १८५५ मध्ये खुद्द कंपनीच्या संचालकांनी सांगितलं, की जुन्या वास्तूंची नोंद करायला चित्रकारांऐवजी फोटो वापरा, तो अचूकही आहे आणि स्वस्तही. त्याच वर्षी कॅप्टन बिग्ज यांची मुंबई इलाख्यात त्या कामावर नेमणूक झाली.

गिल यांनीही कॅमेरा हातात घेतला. १८६४ मध्ये लंडनला त्यांच्या फोटोंची पुस्तकं निघाली. एकात फर्ग्युसन यांच्या मजकुरासह ७४ फोटो होते, तर दुसऱ्यात १०० 'स्टिरिओ' चित्रं, म्हणजे शेजारी-शेजारी लावलेली अशी जोडचित्रं की खास भिंगांतून पाहिल्यावर त्यांना खोली येते. लेण्यांची दर्शनी कमान, खांबांच्या रांगा, कोरलेल्या मूर्ती हे सगळं लंडनच्या दिवाणखान्यात बसून पाहता येऊ लागलं.

पण अजिंठ्याची कीर्ती ज्यामुळे आहे ती भित्तिचित्रं? त्यांच्यासाठी गिल यांना ब्रशच धरावा लागला. त्याचं कारण आपण वर पाहिलं. अजिंठ्याच्या भिंतीवर काय आहे? गेरूचा तांबडा, मातीचा पिवळा, काजळाचा काळा, हिरव्या खनिजाचा हिरवा, चुन्याचा पांढरा आणि दूरदेशीच्या लाजवर्दी दगडाचा निळा. त्यातला तांबडा आणि पिवळा तर सर्वत्र. म्हणजे कॅमेऱ्याला जे दिसत नव्हतं नेमकं तेच तिथे जास्त. पद्मपाणीचा फोटो त्या काळच्या काचेवर घेतला असता तर गोरेपणाकडे झुकणारी कांती काळवंडली असती आणि हातातलं निळं कमळ पांढरं झालं असतं. त्यात लेण्याच्या आतला अंधार.

म्हणून गिल यांच्या कामाचे दोन भाग पडले. कोरीव दगडाचे फोटो, ज्यांच्या अनेक प्रती निघाल्या. आणि रंगांच्या हाताने केलेल्या नकला, ज्या एकेकच होत्या.

दोन आगी

गिल यांच्या तैलनकला लंडनला पोचल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहायला लावल्या गेल्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या वास्तूच्या एका भागाला आग लागली. हातावर मोजण्याइतकी चित्रं सोडली तर सगळी गेली. त्यांच्या दुसऱ्या प्रती करून ठेवलेल्या नव्हत्या. १८५६ मध्ये एका इंग्रजी पुस्तकात काही चित्रांवरून केलेले लहान लाकूडठसे छापले होते, ते मात्र राहिले. साठी ओलांडलेल्या गिल यांनी अजिंठ्यात पुन्हा काम हाती घेतलं.

मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पाळी आली. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची चित्रं नव्याने उतरवली. पुढे नामवंत झालेले पारशी चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्यांत होते आणि जयराव राघोबा यांच्यासारखी आपल्या ओळखीच्या वळणाची नावंही त्या कामाच्या नोंदींत सापडतात. सुमारे तीनशे नकला झाल्या. त्या साउथ केन्सिंग्टनला पाठवल्या गेल्या. तिथे १८८५ च्या जूनमध्ये पुन्हा आग लागली आणि शंभरावर चित्रं जळाली किंवा खराब झाली.

दोनदा तेच. भिंतीवरचं चित्र नाहीसं होईल म्हणून काळजीने नकल केली, सात समुद्रापलीकडे सुरक्षित ठिकाणी ठेवली, आणि भिंत राहिली नि नकल गेली. 'सुरक्षित जागा' कितीही भक्कम असली तरी ती एकच जागा असते. त्याच काळात १८६४ ची गिल यांची फोटो-पुस्तकं वेगवेगळ्या ग्रंथालयांत नि घरांत विखुरलेली होती. एका ठिकाणी आग लागून ती सगळी जाणं शक्य नव्हतं. ते फोटो तैलनकलांपेक्षा सुंदर नव्हते, रंगाच्या बाबतीत तर मुकेच होते. ते वाचले याचं कारण एवढंच, की ते अनेक होते.

ग्रिफिथ्स यांनी यानंतर जे केलं ते या दृष्टीने महत्त्वाचं. १८९६-९७ मध्ये त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे दोन मोठे खंड प्रसिद्ध केले. छपाई विल्यम ग्रिग्ज यांची, ज्यांचा छापखाना आपल्या दक्षिण लंडनमधल्या पेकहॅमला होता. ग्रिग्ज यांची खासियत म्हणजे फोटो आणि शिळाछाप यांची सांगड. रेषा आणि आकार फोटोवरून थेट छपाईच्या दगडावर उतरवायचे आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड करून एकावर एक छापायचे. कॅमेऱ्याचा अचूकपणा आणि माणसाची रंगाची नजर, दोन्ही एकत्र. या खंडांमुळे अजिंठा जगभरच्या ग्रंथालयांत गेला आणि तिथून चित्रकारांच्या हाती. आगीतून वाचलेल्या मूळ नकला आजही व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडे आहेत आणि त्यांचे फोटो संग्रहालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात.

आपल्या घरापर्यंत

फोटो आणि छपाईची हीच सांगड आपल्या आजोळच्या भिंतीवरही होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वतींनी देव्हाऱ्यांत जागा मिळवली. ज्याला राजवाड्यात प्रवेश नव्हता त्याच्या घरी राजाच्या चित्रकाराचं चित्र आलं. फोटोवरून छपाई करण्याची विद्या शिकलेले एक मराठी गृहस्थ याच छापखान्यासाठी काम करत. पुढे त्यांनी हलती चित्रं काढली, तेच दादासाहेब फाळके.

आणि दिवाळी अंक? काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला. अंकांतून चित्रं छापणं सोपं झालं ते फोटोवरून धातूचे ठसे, म्हणजे ब्लॉक, करण्याच्या कलेमुळे. मराठी माणसाला चित्रकलेची गोडी लावण्यात त्या रंगीत पानांचा वाटा मोठा आहे. आमच्या पिढीने कितीतरी चित्रकार आधी दिवाळी अंकात पाहिले आणि मग प्रदर्शनात.

प्रतीत काय हरवतं, हेही सांगायला हवं. लग्नानंतर इथे येण्याआधी मी पुण्याजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवत असे. अजिंठ्याच्या धड्याला ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकातलं पद्मपाणीचं काळं-पांढरं चित्र आणि एक नवं रंगीत चित्र अशी दोन्ही वर्गात फिरवत असे. रंगीत चित्र झाकून, काळ्या-पांढऱ्यावरून रंग ओळखायला सांगायचे. मुलं मोठ्या हिरिरीने चुकायची, आणि मग कॅमेऱ्याला काय दिसतं नि काय दिसत नाही यावर छान गप्पा व्हायच्या. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, पण खरं चित्र केवढं आहे?" वर्ग गप्प झाला. दोन्ही चित्रं वहीच्या पानाएवढीच होती. आपल्या वर्गाच्या दारातून आत येणार नाही एवढं ते आहे, असं सांगितल्यावर सगळ्या माना दाराकडे वळल्या. रंग पुढच्या काळात फोटोत आला. आकार मात्र फोटो आजही स्वतःहून सांगत नाही. चित्र कुठल्या भिंतीवर आहे, समोर बसून कोण ते पाहत असे, हेही सांगत नाही. ते शेजारी लिहूनच ठेवावं लागतं. थॉम्पसन, गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या कामाला आज मोल आहे ते नोंदींसकट आहे म्हणून.

हे सगळं आपल्याला लागू पडतं असं मला वाटतं. परदेशी राहणाऱ्या घरांत वडिलोपार्जित वस्तू बहुधा एकेकच असतात. आजोबांनी रंगवलेलं गावच्या देवळाचं चित्र इथे मुलाकडे असतं, आजीची गोधडी अमेरिकेत मुलीकडे, आणि आत्याने भरलेला कशिदा नाशिकच्या बंद घरातल्या ट्रंकेत. ते आपापल्या जागी सुरक्षित आहे असं आपण समजतो. क्रिस्टल पॅलेसच्या लोकांनाही तसंच वाटत होतं.

तेव्हा या सुट्टीत एक काम जरूर करा. अशी एखादी वस्तू काढा. तिला खिडकीपाशी, पण थेट उन्हात नव्हे अशी ठेवा. फ्लॅश बंद करून अगदी समोरून फोटो घ्या, मग जवळून तीन-चार बारकाव्यांचे. एका फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. कुणी केलं, कुठल्या गावी, साधारण कोणत्या वर्षी, कापड कुठून आलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मराठीत लिहा आणि त्या फोटोंसोबतच ठेवा. नुसता फोनमध्ये राहिला तर फोनबरोबर जाईल, म्हणून कागदावरही छापून घ्या. आणि निदान तीन घरी पाठवा: एक इथे, एक भारतात आणि एक ज्या भावंडाशी फार बोलणं होत नाही त्याच्याकडे.